नांदेडच्या दोन, लातूरच्या दोन

आक्का,

तू गेलीस तेव्हा चौदा एप्रिलला सहा दिवस बाकी होते. पाचव्या दिवशी लातूरला तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, लोक जेवायला बसले, आणि दादा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "माझे सहा दिवस बुडाले." मी म्हणालो की तुझे सहाच, माझे तर पुरे सहा महिने बुडाले. तो म्हणाला, सहा असोत का सहाशे, त्याच्या घरातून गेली म्हणजे त्याचं नुकसान मोठं. मी त्याला वजाबाकी समजावून सांगायला लागलो. शेवटी माझ्या बायकोनं, सुनंदानं, आम्हा दोघांच्या हातात पाण्याचे जग दिले आणि पंगतीत पाणी वाढायला पाठवलं. दोन पन्नाशी ओलांडलेले भाऊ बहिणीच्या दिवसांवरून भांडत होते. तू असतीस तर भिंतीला टेकून बसून मजा बघितली असतीस.

निघताना मी तुझी बॅग मागितली. तू ती भरूनच ठेवली होतीस, नेहमीप्रमाणे आठवडाभर आधी. दादा म्हणाला, "राहू दे. चौदाला बघू."

आपल्या घरातली ही वाटणी तूच ठरवली होतीस. अंगणवाडीतून निवृत्त झालीस, कंधारजवळच्या त्या गावातली खोली सोडलीस, आणि आम्ही दोघं तुला न्यायला एकाच दिवशी पोचलो. दादा लातूरहून, मी नांदेडहून. तू चहा केलास आणि कॅलेंडर काढलंस. भीमजयंती ते विजयादशमी नांदेडला, विजयादशमी ते भीमजयंती लातूरला. नांदेडची मिरवणूक तुला आवडायची म्हणून जयंती माझी, आणि लातूरला थंडीत हुरड्याची ज्वारी मिळते म्हणून हिवाळा दादाचा. कोणाला काही बोलायला जागाच ठेवली नाहीस. मी नंतर दिवस मोजले. लातूरला दर वर्षी थोडे कमी-जास्त जातात, कारण विजयादशमी पुढेमागे होते. तुला सांगितलं तर म्हणालीस, "बाळू, तू धरणावरचं पाणी मोज. मला मोजू नकोस."

पाणी मोजणं हेच माझं काम, हे तू सगळ्यांना अभिमानानं सांगायचीस. पाटबंधारे खात्यात आहे, धरणात किती आलं, किती सोडलं, किती उरलं ते लिहितो. पण आकडे लिहायला मला शिकवलं तूच. शाळेच्या सुट्टीत मी तुझ्याकडे यायचो, तेव्हा तू वजनकाट्याच्या झोळीत लेकरं टांगायचीस आणि मी तक्त्यावर ठिपके द्यायचो. एकदा एका रडणाऱ्या पोराचं वजन मी अंदाजानं लिहिलं. तू ते खोडायला लावून पोराला पुन्हा टांगलंस. म्हणालीस, अंदाज घरी करायचा, कागदावर नाही.

तुझ्या फिट्सबद्दल तू कधी रड काढली नाहीस. बाराव्या वर्षी पहिली आली. त्यापायी लग्न जमलं नाही, हे तू एका वाक्यात सांगायचीस आणि पुढचं वाक्य भाजीबद्दल असायचं. गावात कोणाला आकडी आली आणि लोक चप्पल हुंगवायला धावले की तू त्यांना बाजूला करायचीस. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. हे इतक्या वेळा सांगितलंस की त्या गावात तुला स्वतःला फिट आली तेव्हा तुझ्याच अंगणवाडीतल्या पाच वर्षांच्या पोरींनी तुला कुशीवर वळवलं होतं. शुद्धीवर आल्यावर तू आधी त्यांना विचारलंस, "घड्याळ बघितलं का गं?" त्यांना घड्याळ कळत नव्हतं. मग तू दुसऱ्या दिवशी घड्याळ शिकवायला घेतलंस.

नांदेडच्या आपल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तुला व्हॅल्प्रोएट सुरू केलं, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, आणि अकरा वर्षं त्यावर तुझं बरं चाललं. अकरा वर्षांत तीन फिट्स. तारखा माझ्या वहीत आहेत. चौथी आली ती लातूरला, हिवाळ्यात, तापात. वहिनी घाबरल्या. त्यांनी तुला तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि मनापासून नेलं, हे मी आज मान्य करतो. तेव्हा मान्य केलं नव्हतं. त्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, आधीची गोळी चालू आहे का. तापात वहिनींनी तुला ती घेताना पाहिलं नव्हतं, त्या म्हणाल्या, बंद आहे. तू शेजारी बसली होतीस. गप्प राहिलीस. मॅडमनी नवी गोळी दिली, लॅमोट्रिजीन, अगदी कमीपासून हळूहळू वाढवत, पुढच्या हिवाळ्यापर्यंत शंभराची सकाळी एक, संध्याकाळी एक.

दादाचा मला फोन आला की आक्काचं औषध बदललं. मी म्हणालो, आमचं औषध काय वाईट होतं. तो म्हणाला, मग फिट का आली. तिथून पुढे दीड वर्ष आम्ही दोघं पावसावर बोललो, पोरांच्या परीक्षेवर बोललो, तुझ्या औषधावर एक अक्षर बोललो नाही.

आता खरी गोष्ट, जी आपल्या घराबाहेर कोणाला माहीत नाही. त्याच आठवड्यात मी तुला वेगळा फोन केला होता. म्हणालो, आक्का, अकरा वर्षांची गोळी अशी सोडायची नाही, पिशवीत आहे ती घेत राहा, आणि दादाला सांगू नको, उगीच चिडेल. तू म्हणालीस, हाव. एप्रिलमध्ये तू नांदेडला यायला निघालीस तेव्हा दादानं तुझ्या बॅगेत सहा महिन्यांच्या गोळ्या ठेवल्या आणि तो म्हणाला, तिकडेही हीच घे, बाळूला सांगू नको, त्याला वाईट वाटेल. तू त्यालाही हाव म्हणालीस.

आणि तू दोघांचं ऐकलंस.

तुझ्या चंचीत, सुपारी आणि अडकित्त्याच्या कप्प्याशेजारी, दोन कप्पे होते. एकात माझ्या गोळ्या, दुसऱ्यात दादाच्या, पट्टीतून कात्रीनं एकेक कापून ठेवलेल्या. मला दिसेल अशी तू माझी गोळी घ्यायचीस. दादाची गोळी सुपारी चघळता चघळता. लातूरला याच्या उलट. मी दर रविवारी माझ्या गोळ्या मोजायचो. दर रविवारी हिशोब बरोबर यायचा. एकही गोळी चुकलेली नसायची, आणि मी निश्चिंत असायचो. हिशोब एकदा जरी चुकला असता, तर मला कदाचित लवकर कळलं असतं.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये एसटीतून उतरतानाच तू शेवटच्या पायरीवर थांबलीस. मी हात दिला. तू म्हणालीस, पायरी दोन दिसायल्यात. आपण चष्म्याचा नंबर तपासला. नवा चष्मा आला, तरी दोन दिसत होत्या. दुसरा चष्मा केला. मग हात थरथरायला लागला, चहा बशीत सांडायला लागला. तू बशीतूनच प्यायला लागलीस आणि म्हणालीस की असंच प्यायचं असतं. मे महिन्यात तू अंगणात भिंतीला धरून चालायला लागलीस. मी वहीत लिहीत होतो: सकाळी साडेनऊ, डोलते, दुपारी चार, बरी, रात्री आठ, डोलते. गोळ्या घेतल्यावर दीड-दोन तासांनी डोलते, हे माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मला ते वाचता आलं नाही. मी त्यासमोर 'वय' असं लिहिलं. पण फिट मात्र एकही नव्हती. मी सुनंदाला म्हणायचो, बघ, आपली गोळी कशी लागू पडते. लातूरला दादाही वहिनींना हेच म्हणायचा, हे नंतर कळलं.

पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला दादा आणि वहिनी गाडी घेऊन नांदेडला आले. कारण साधं होतं. तुझी अशी अवस्था, आता एकटीनं एसटीनं जायचं नाही, आणि सहा महिन्यांनी घर बदलायचं हेही बंद. कुठल्या तरी एका घरी कायम राहायचं. कुठल्या, ते आक्कानं सांगावं.

मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. फिट आली, लग्न जमलं नाही, गाव सुटलं, तेव्हा तुझा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. नांदेड ते लातूर एसटी ही तुझी वर्षातली दोन दिवसांची मालकी होती. ड्रायव्हरच्या मागून तिसरं सीट, खिडकी. लोह्याला शेंगा, अहमदपूरला चहा, आणि चढणाऱ्या प्रत्येक बाईशी सोयरीक. अर्धं तिकीट झालं तेव्हा तू म्हणालीस, आता दोनदा जाईन. ते सीट आम्ही काढून घेत होतो. वर तुला दोन भावांपैकी एक निवड म्हणत होतो.

तू म्हणालीस, "मला जेवू तर द्या."

जेवताना वाद तापला. दादा म्हणाला, आमच्याकडे औषधाची शिस्त आहे. मी म्हणालो, शिस्त मला शिकवू नको, आणि वही आणली. त्यानंही खिशातून डायरी काढली. आम्हा दोघांनाही ही सवय तुझ्याच तक्त्यांची. ताटं सरकवून आम्ही दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. मी म्हणालो, चौदा एप्रिलपासून आजपर्यंत रोज दोन, एकही चुकली नाही. दादा म्हणाला, चौदा एप्रिलपासून आजपर्यंत रोज दोन, मी फोनवर रोज विचारतो, एकही चुकली नाही.

मी म्हणालो, "दोन तर माझ्या."

दादा म्हणाला, "दोन तर माझ्या."

सुनंदा भात वाढत होती. ती थांबली. वहिनी तुझ्याकडे बघायला लागल्या. तू वरणात भाकरी कुस्करत होतीस, अगदी बारीक.

सुनंदानंच हळूच विचारलं, "आक्का, तुम्ही रोज किती गोळ्या घेता?"

"चार," तू म्हणालीस. "त्यात इतकं काय झालं? जेवा की."

तो वाद आपला कधी संपला नाही, आक्का. मी म्हणायचो, तू खोटं बोललीस. तू म्हणायचीस, "खोटं कुठं? तू इचारलास, माझी गोळी घेतलीस का. हाव म्हणाले. दादानं इचारलं, माझी घेतलीस का. हाव म्हणाले. दोघांची घेतलीस का, असं कोणी इचारलंच न्हाई." खरं तर आम्हीच दोघांनी तुला, एकमेकांना सांगू नको, असं सांगितलं होतं. वजन खोडून पुन्हा करायला लावणारी तू, तुला लपवायला आम्ही लावलं. तुला वाटलं दोन्ही घरं राखायची तर दोन्ही गोळ्या गिळाव्या लागतात. हे मी तुला तेव्हा म्हणायला हवं होतं. मी त्याऐवजी, हिशोब अर्धवट दिलास, असं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे एका गाडीत बसून आपल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चार गोळ्यांचं ऐकलं, चष्मा काढला आणि लातूरच्या मॅडमना फोन लावला. दीड वर्ष दोन भाऊ जे बोलले नाहीत ते दोन डॉक्टर सात मिनिटांत बोलले. आधी त्यांनी तुझं अंग तपासलं, पुरळ आलं होतं का, तोंड आलं होतं का, असं पुन्हा पुन्हा विचारलं. या दोन गोळ्या एकत्र असताना दुसरी भराभर वाढवली तर अंगावर असं पुरळ उठू शकतं की जिवावर बेततं. तुला उठलं नाही. डॉक्टर म्हणाले, नशीब. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मग त्यांनी समजावलं. लॅमोट्रिजीन अंगातून बाहेर टाकायचं काम यकृत करतं. व्हॅल्प्रोएट त्याच जागी जाऊन ते काम मंद करतं. म्हणून तीच शंभराची गोळी रक्तात जवळजवळ दुपटीनं साचते. मॅडमनी दिलेला डोस बरोबर होता, पण ती एकटी घेणाऱ्या बाईसाठी. मला हे लगेच कळलं. आवक तीच, पण खालचा दरवाजा कोणी अर्धा बंद केला, की पातळी चढणारच. मी हे माझ्या कामाच्या भाषेत तुला सांगितलं. धरण, दरवाजा, विसर्ग. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "सरळ सांग की. नांदेडची जाऊ लातूरच्या जावेला घराबाहेर पडू देईना."

सुनंदा आणि वहिनी दोघी एकदम हसल्या. डॉक्टरही हसले. म्हणाले, काही गोळ्या याच्या उलट वागतात, दुसरीला टिकूच देत नाहीत, हाकलून लावतात; तिथं डोस वाढवावा लागतो. तू म्हणालीस, तशी जाऊ पण आमच्या गावात होती, आणि तिचं नाव सांगणार होतीस. वहिनींनी तुला थांबवलं.

मी विचारलं, मग आता कुठली बंद करायची. खरं सांगतो, उत्तर 'लातूरची' यावं असं मला वाटत होतं. दादाला काय वाटत होतं ते त्याच्या मानेवरून दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, एकही नाही. अचानक बंद केली तर फिट उसळेल. आणि तसंही, या दोघींचं जमतं चांगलं. वर्षभरात फिट आहे का? नाही ना. फक्त माप चुकलंय. लातूरची टप्प्याटप्प्यानं निम्मी करायची, आणि नांदेडची आहे तशी ठेवायची. पुढे कुठलीही गोळी, अगदी तापाची असली तरी, या दोघींची नावं दाखवल्याशिवाय घ्यायची नाही. आणि घरच्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक गोळीही कमी-जास्त करायची नाही. शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून बोलले.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तू माझा आणि दादाचा, दोघांचा हात धरला होतास. म्हणालीस, "मी म्हणतच होते, दोन्ही पाहिजेत." तू असं कधीच म्हणाली नव्हतीस.

रक्त तपासून, फोनवर विचारून, आठवड्याआठवड्यानं डोस उतरत गेला. तिसऱ्या आठवड्यात चहा बशीत सांडेनासा झाला. तू तरी बशीतूनच पीत राहिलीस. पाचव्या आठवड्यात पायऱ्या एकेक दिसायला लागल्या. मी म्हणालो, एसटीनं जायचं तर परीक्षा द्यावी लागेल. तूच खडू आणलास. अंगणातल्या फरशीवर दारापासून नळापर्यंत रेघ ओढलीस, तुझ्या अंगणवाडीच्या हातानं, सरळसोट. बारा पावलं. पावलापुढे पाऊल, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. नियमही तूच केलेस. पाणी सांडलं तर लातूरला गाडीनं. नाही सांडलं तर एसटी, तिसरं सीट, आणि कोणी सोबत येणार नाही.

तू चालायला लागलीस. सुनंदा पावलं मोजत होती. सातव्या पावलाला तू जराशी थांबलीस.

तीन वर्षं हे तुला सांगायचं राहिलं, आक्का. त्या सातव्या पावलाला, एका क्षणापुरतं, पाणी सांडावं असं मला वाटलं. तू सांडलं असतंस तर प्रवास बंद झाला असता, आणि प्रवास बंद झाला असता तर तू जिथं होतीस तिथंच राहिली असतीस. म्हणजे माझ्याकडे. मी नळाशी वही घेऊन उभा होतो आणि मनात तुला डोलवत होतो. मग तू आठवं पाऊल टाकलंस. बारावं टाकलंस, तांब्या माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "मोज, किती सांडलं." थेंब नव्हता. मी पाणी पिऊन टाकलं, कारण काहीतरी करायला हवं होतं. तुला ते कळलं असावं. तू माझ्या पाठीवर एक थाप मारलीस, जरा जोरातच.

विजयादशमीला तू एकटी गेलीस. लोह्याहून फोन केलास, अहमदपूरहून केलास. चाकूरला विसरलीस, तर मी आणि दादा एकमेकांना चार फोन केले. तिथून आमचा रविवारचा फोन सुरू झाला. "तुझ्या दोन?" "दोन. तुझ्या?" "दोन." एवढंच बोलायला घ्यायचो आणि तासभर जायचा. पोरांची लग्नं त्या फोनवर ठरली. कंधारच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे हा सोळा वर्षांचा प्रश्न त्या फोनवर सुटला. तुझ्याकडे होती.

प्रवासात जवळ ठेवायला डॉक्टरांनी सांगितलेला कागद मी आखून दिला होता. नाव, वय, वजन, गोळ्या, वेळा, पत्ता. सगळं तू गोल अक्षरात भरलंस. वजनासाठी दुकानात जाऊन काट्यावर उभी राहून आलीस. पत्ता मात्र भरला नाहीस. मी किती वेळा म्हणालो, वाटेत काही झालं तर लोक कुठं कळवतील. तू म्हणायचीस, "तिसऱ्या सीटवर कोण असतं ते कंडक्टरला ठाऊक हाय." मी म्हणायचो, हा पत्ता होत नाही. हाही वाद राहिला.

आता चौदा तारखेचं सांगतो, म्हणजे तुझ्याकडची नोंद पूर्ण होईल.

दर वर्षी या दिवशी मी तुला घ्यायला बसस्टँडवर यायचो. यंदा यायचं कारण नव्हतं. सकाळपासून रस्त्यावर निळे झेंडे, ढोल, लेकरं पांढऱ्या कपड्यांत. मी वंदनेला जाऊन आलो, खीर वाटून आलो, आणि अकराच्या सुमाराला पाय आपोआप स्टँडकडे वळले. लातूरची गाडी वीस मिनिटं उशिरा आली. हेही नेहमीचंच.

दादा उतरला. गेल्या दहा वर्षांत एसटीत न बसलेला दादा, घामेजलेला, शर्ट चुरगळलेला, हातात तुझी बॅग. आणि दुसऱ्या हातात कागदात शेंगा.

म्हणाला, "जयभीम. लोह्याला घेतल्या. तिनं मला सांगून ठेवलं होतं कुठल्या बाईकडच्या चांगल्या असतात." मग म्हणाला, "सीट मिळालं. कंडक्टरनं राखून ठेवलं होतं. बाई कुठं आहेत म्हणाला."

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो, मी तिचाच भाऊ."

घरी आल्यावर आम्ही दोघांनी पलंगावर बसून बॅग उघडली. सगळ्यात वर चंची. माझा कप्पा मी उघडला. विजयादशमीला मी तुला मोजून गोळ्या दिल्या होत्या, चौदा एप्रिलच्या सकाळपर्यंत पुरतील एवढ्या. एखादी जास्त दे, पडली-बिडली तर, असं तू म्हणाली होतीस. मी म्हणालो होतो, औषध साठवायचं नसतं. आठ तारखेच्या दुपारी तू गेलीस. त्या संध्याकाळची एक, पुढच्या पाच दिवसांच्या दहा, चौदाच्या सकाळची एक.

मी मोजल्या. बारा.

एकही पडली नव्हती, एकही चुकली नव्हती. दादानं त्याच्या कप्प्यातल्या मोजल्या, मग माझ्याकडे दिल्या, मी पुन्हा मोजल्या; त्याही जुळल्या. आणि पहिल्यांदाच माझ्या गोळ्या त्याच्याकडे दिल्या, त्याच्या हातानं मोजायला. त्याच्याही मोजणीत बाराच आल्या. खाली तुझा कागद होता. पत्त्याची ओळ कोरीच. दादानं खिशातून पेन काढलं, झाकण उघडलं, ओळीवर धरलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. त्यानं झाकण लावलं.

उरलेल्या गोळ्या आम्ही दवाखान्यात परत देऊन आलो. डॉक्टरांना सांगितलं, दोन्ही बाजू जुळल्या. कागद आणि चंची मात्र ठेवली आहे. सहा महिने ती माझ्याकडे राहील. विजयादशमीला मी ती घेऊन लातूरला जाईन. दादानं कंडक्टरशी बोलून ठेवलं आहे.